गणसंख्येअभावी

आमच्या कॉलेजात पोरं तीनशे ब्याऐंशी
आणि मंडळं एकोणतीस.
हिशेब करू नका. मी केलाय,
सव्वीस वर्षं ह्याच टेबलाशी बसून.
डोकी तीच, चौदा-पंधरा.
सोमवारी वादविवाद, मंगळवारी मधमाश्या,
गुरुवारी तळघरात पाव भाजतात.
थिओफिल मिशो तीन मंडळांचा अध्यक्ष,
चौथ्याचा खजिनदार,
आणि पाचव्यात बिनविरोध उभा राहून
एका मताने पडला.

पैसे मागायला सगळे माझ्याकडे.
बुद्धिबळवाल्यांचा काळा उंट हरवलाय.
तूर्त त्याच्या जागी मिठाची बाटली,
आणि ती तिरकी चालते म्हणे, उंटापेक्षा बरी.

मग ऑक्टोबर. मेनच्या ह्या टोकाला
बटाटे निघतात, अर्धी पोरं शेतावर,
उरलेली नखांत माती घेऊन वर्गात.
आणि डीनबाईंची चिठ्ठी:
ज्या मंडळाला पाच सह्या नाहीत
त्याचं नाव खोडावं, किल्ली जमा करावी.

माझ्या खणात अशा अकरा किल्ल्या आहेत.
बर्फावरच्या मासेमारीचं मंडळ
(शिल्लक सतरा डॉलर, एक गळ).
टंकलेखन.
शांतता मंडळ, ते भांडणात फुटलं.

यंदा पाळी आकाशदर्शनाची.
सभासद एक. ओडील सूसी, पहिलं वर्ष,
बापाचं जाकीट, बाह्या दुमडलेल्या.
किल्ली मागायच्या आधी मी तिची वही चाळली.

*बुधवार, सायंकाळी सात. उपस्थित: एक.
गणसंख्येअभावी सभा तहकूब.
साडेसातला त्याच जागी पुन्हा भरली;
तहकूब सभेस गणसंख्येचे बंधन नसल्याने
कामकाज सुरू झाले.
मागील इतिवृत्त वाचण्यात आले.
सूचक: ओ. सूसी. अनुमोदक:*

पुढे कोरं.
सहा बुधवार कोरं.
दुसऱ्या कुणाचं नाव दडपून दिलं असतं
तर कोण बघणार होतं? मीच. आणि मी तर
शिक्का मारताना वाचतही नाही.

शेवटच्या दिवशी पाचला पाच कमी असताना
ती अर्ज घेऊन आली. चार सह्या.
एक तिची.
एक मेसमधल्या ल्युसियेंची, कागदाला लोण्याचा डाग.
एक रात्रीच्या पहारेकऱ्याची.
एक गावातल्या रेजिनाबाईंची, वय सत्याऐंशी,
ज्यांनी म्हणे ही दुर्बीण
केक विकून विकत घेतली होती.

मी नियम काढला. उलटा केला, सुलटा केला.
'कॉलेजशी संबंधित व्यक्ती' इतकंच लिहिलंय.
विद्यार्थी हा शब्द कुठेच नाही.
ती माझ्याकडे बघत नव्हती,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

माझं पेन शिक्क्याच्या शेजारीच असतं.

रात्री गच्चीवर पाच जण.
पहारेकऱ्याने आवारातले दिवे घालवले
आणि वसतिगृहातून शिव्या खाल्ल्या.
ल्युसियेंने किटलीतून सूप आणलं होतं.
वर ढग, गोधडीसारखे, एक टाका उसवलेला नाही.
तरी आम्ही आळीपाळीने डोळा लावला,
आणि प्रत्येकाने थोडा वेळ काढून
'हं' म्हटलं.
रेजिनाबाई खुर्चीतच झोपल्या.
नदीपलीकडे, कॅनडात, कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन
अजून शेतात होतं.
तो दिवा आम्हांला दुर्बिणीतून नीट दिसला.

ओडीलने वही मांडीवर घेतली.
*उपस्थित: पाच. आकाश: झाकलेले.
आयत्या वेळचे विषय: सूप.*
अनुमोदकापाशी थांबली.
अर्जावरची माझी सही तिला लागली नव्हती,
कुणालाच लागत नाही,
आणि सगळे मला ऑफिस म्हणतात.
'तुमचं नाव?'

मी सांगितलं.
तिने एक अक्षर चुकीचं लिहिलं.
मला दिसलं, टॉर्चच्या उजेडात, अगदी स्पष्ट.
मी काही बोलले नाही.
इतिवृत्तातली दुरुस्ती
पुढच्या सभेतच सुचवायची असते.